अनवाणी धावण्याचा आनंद : मोकळे तळवे आणि वाचलेली पाने

रोम, १० सप्टेंबर १९६०. ऑलिम्पिक मॅरेथॉन त्या दिवशी उतरत्या उन्हात सुरू झाली आणि अंधार पडल्यावर संपली. मार्गाचा बराच भाग ॲपियन वे या प्राचीन दगडी रस्त्याने जात होता आणि धावपटूंना वाट दिसावी म्हणून सैनिक कडेला मशाली घेऊन उभे होते. त्या उजेडात दोघेच पुढे निघालेले दिसत होते. एक मोरोक्कोचा राडी बेन अब्देसलाम. दुसरा इथिओपियाच्या शाही रक्षकदलातील २८ वर्षांचा सैनिक अबेबे बिकिला. बिकिलाच्या पायांत काहीच नव्हते. रोममध्ये मिळालेले नवे बूट त्याच्या पायाला नीट बसत नव्हते आणि मायदेशी अनवाणी सराव झालेलाच होता. स्वीडिश प्रशिक्षक ओन्नी निस्कानेन यांच्याशी बोलून त्याने बूट बाजूला ठेवले, इतकी ती साधी गोष्ट होती.

या शर्यतीच्या मार्गावर त्या वेळी अक्सुमचा दगडी स्तंभ उभा होता. मुसोलिनीच्या सैन्याने इथिओपिया जिंकल्यानंतर १९३७ मध्ये तो लुटून रोमला आणला होता. या स्तंभाच्या आसपासच बिकिलाने प्रतिस्पर्ध्याला मागे टाकले, असे या शर्यतीचे वृत्तान्त सांगतात. कॉन्स्टंटाइनच्या कमानीखाली तो पोहोचला तेव्हा घड्याळात २ तास १५ मिनिटे १६.२ सेकंद झाले होते. मॅरेथॉनमधील ती तोवरची जगातील सर्वोत्तम वेळ होती. ऑलिम्पिक सुवर्ण मिळवणारा पहिला कृष्णवर्णीय आफ्रिकी म्हणून बिकिलाचे नाव इतिहासात गेले आणि अनवाणी धावण्याला एक चेहरा मिळाला.

चार वर्षांनी टोकियोमध्ये बिकिला पुन्हा जिंकला. आंत्रपुच्छाच्या शस्त्रक्रियेला जेमतेम पाच-सहा आठवडे झाले होते, तरीही त्याने २ तास १२ मिनिटे ११.२ सेकंदांत शर्यत पूर्ण केली आणि सलग दोन ऑलिम्पिक मॅरेथॉन जिंकणारा तो पहिला धावपटू ठरला. या वेळी त्याच्या पायांत बूट आणि मोजे होते. रोमची कथा जगभर सांगितली जाते, टोकियोची त्या मानाने क्वचितच. अनवाणी धावण्याविषयी गेल्या पंधरा-वीस वर्षांत जे लिहिले आणि वाचले गेले, त्यात याच निवडक स्मरणाचा वाटा मोठा आहे. म्हणून या छंदाकडे पाहताना दोन गोष्टी वेगळ्या कराव्या लागतात : तळव्यांना खरोखर मिळणारा आनंद, आणि त्याविषयी वाचताना मिळणारा आनंद. दोन्ही अस्सल आहेत. मात्र एकाला दुसरा समजले की पाय दुखावतात.

तळव्याला काय कळते

मानवी पायाच्या घोट्याखालील भागात २६ हाडे आणि ३३ सांधे असतात. शंभराहून अधिक स्नायू, कंडरा आणि अस्थिबंध त्यांना एकत्र धरून ठेवतात. तळव्याची त्वचा शरीरातील सर्वांत जाड त्वचांपैकी एक असली, तरी ती बधिर मुळीच नाही. दाब, ताण, कंप, उष्णता आणि घसरण टिपणारी चेतातंतूंची टोके तिच्यात दाट पसरलेली असतात. प्रत्येक पावलागणिक त्यांच्याकडून येणाऱ्या वार्तेवरच शरीर आपला तोल, गुडघ्याचा वाक आणि पुढील पावलाची लांबी ठरवते. जाड तळाचा बूट ही वार्ता पुसून टाकत नाही, पण ती पुष्कळ अस्पष्ट करतो. हातमोजे घालून तांदूळ निवडायला बसावे, तसा हा प्रकार आहे.

अनवाणी धावणारे ज्या आनंदाविषयी बोलतात, त्याचे मूळ येथे आहे. दवाने भिजलेले गवत, ओहोटीनंतरची घट्ट ओली वाळू, सकाळचा गार डांबरी रस्ता, शेणाने सारवलेले अंगण : बूट घातलेल्याला हे सगळे जवळपास सारखेच लागते, मोकळ्या तळव्याला त्यातील प्रत्येक पृष्ठभाग निराळा लागतो. धावणे ही एरवी एकसुरी क्रिया. तीच आठ-दहा मिनिटांत तपशीलांनी भरून जाते आणि मनाला भटकायला फुरसत उरत नाही, कारण पुढचा खडा पाहावाच लागतो.

नियमित अनवाणी चालणाऱ्यांच्या तळव्यांना घट्टे पडतात. मग त्यांची संवेदना बोथट होत असेल, असा समज होता. संशोधक निकोलस होलोव्का, डॅनियल लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केनियातील आणि अमेरिकेतील बोस्टनच्या प्रौढांचे तळवे तपासून २०१९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात याचे उत्तर दिले. घट्टे जाड असले तरी तळव्याची स्पर्शसंवेदना कमी झालेली आढळली नाही. घट्टा कठीण असतो. तो दाब शोषून न घेता खालच्या चेतातंतूंपर्यंत पोहोचवतो. रबराच्या मऊ तळाचे याच्या उलट असते. निसर्गाने दिलेले हे पायताण संरक्षण देते आणि खबरही देते.

टाच की चवडा

धावताना पाऊल जमिनीवर कसे टेकते, हा या विषयातील सर्वाधिक वादाचा मुद्दा. बूट घातलेले बहुसंख्य धावपटू प्रथम टाच टेकतात. बुटाची टाच जाड, मऊ आणि चवड्यापेक्षा उंच असल्याने तसे करणे सुखाचे वाटते. हाच माणूस कठीण जमिनीवर अनवाणी धावू लागला आणि त्याने तशीच टाच आपटली, तर दोन-चार पावलांतच त्याला चूक समजते. मग पाऊल आपोआप आखडते, गुडघा किंचित अधिक वाकतो, चवडा किंवा सपाट तळवा आधी टेकतो आणि टाच मागाहून अलगद खाली येते. टाचेमागचा जाड कंडरा आणि पोटरीचे स्नायू स्प्रिंगसारखे ताणले जाऊन आघात झेलतात.

हार्वर्ड विद्यापीठातील उत्क्रांतिजीवशास्त्रज्ञ लिबरमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये ‘नेचर’मध्येच याची मोजमापे प्रसिद्ध केली. चवड्यावर उतरणाऱ्या सवयीच्या अनवाणी धावपटूंच्या पायाला जमिनीशी भिडताना बसणारा पहिला धक्का, टाचेवर उतरणाऱ्या बूटधारकांपेक्षा कमी असल्याचे त्यांना आढळले. त्यापूर्वी २००४ मध्ये डेनिस ब्रॅम्बल आणि लिबरमन यांनी अधिक व्यापक मांडणी केली होती. माणसाचा लांब टाचकंडरा, आखूड बोटे, डोके स्थिर ठेवणारा मानेचा अस्थिबंध, भरपूर घाम येण्याची क्षमता या साऱ्या गोष्टी दूरवर धावण्यासाठी उपयुक्त आहेत आणि आपल्या पूर्वजांत त्या सुमारे २० लाख वर्षांपूर्वी रुजू लागल्या असाव्यात, असे त्यांचे म्हणणे होते. माणूस चित्त्यापेक्षा मंद असला, तरी भर उन्हात चिवटपणे धावत राहण्यात फार थोडे प्राणी त्याची बरोबरी करू शकतात.

मात्र या संशोधनातून ‘अनवाणी म्हणजे चवडा, बूट म्हणजे टाच’ असे सुटसुटीत सूत्र काढणाऱ्यांना २०१३ मध्ये धक्का बसला. उत्तर केनियातील दासानाच हे पशुपालक लोक आयुष्यभर अनवाणी वावरतात. त्यांच्या धावण्याचे निरीक्षण केले असता, स्वतःला सोयीच्या गतीने धावताना त्यांच्यातील बहुतेकजण टाचच आधी टेकवत असल्याचे दिसले. वेग वाढला, की चवड्यावर येण्याचे प्रमाण वाढत होते. जमीन कशी आहे, वेग किती आहे, माणूस किती धावतो, यांवर पावलाची ठेवण बदलते. एकच एक ‘नैसर्गिक’ पद्धत नसते.

ऊर्जेचा हिशेबही असाच गुंतागुंतीचा आहे. बुटाचे वजन १०० ग्रॅमने वाढले, की धावण्यास लागणारी ऊर्जा साधारण एक टक्क्याने वाढते. मग बूट काढून टाकला तर बचत व्हायला हवी. परंतु अमेरिकेतील कोलोरॅडो विद्यापीठात २०१२ मध्ये झालेल्या प्रयोगांत हलक्या बुटांच्या तुलनेत अनवाणी धावण्यात ऊर्जेचा फायदा दिसला नाही. बुटाची गादी गेली, की ते काम स्नायूंना करावे लागते आणि स्नायू ते फुकट करत नाहीत.

आज ओळखीचा झालेला, जाड टाचेचा धावण्याचा बूट तसा अलीकडचा आहे. त्याचा प्रसार १९७० च्या दशकात, अमेरिकेत हौशी धावण्याची लाट आली तेव्हा झाला. त्याआधीचे धावपटू पातळ, सपाट तळाच्या बुटांत धावत आणि काहीजण त्यांशिवाय. ब्रिटनच्या ब्रूस टलोने १९६२ च्या युरोपीय स्पर्धेत ५,००० मीटरचे सुवर्ण अनवाणी मिळवले. दक्षिण आफ्रिकेत वाढलेल्या झोला बडने १९८५ मध्ये याच अंतराचा महिलांचा विश्वविक्रम १४ मिनिटे ४८.०७ सेकंद असा नोंदवला, तोही अनवाणी धावण्यासाठीच ओळखली जात असताना.

पुस्तकाने पेटवलेली लाट

हे सगळे तज्ज्ञांच्या आणि मोजक्या हौशी लोकांच्या वर्तुळात राहिले असते. ते वर्तुळ मोडले एका पुस्तकाने. अमेरिकी पत्रकार ख्रिस्तोफर मॅक्डूगल यांचे ‘बॉर्न टू रन’ २००९ मध्ये प्रसिद्ध झाले. वारंवार दुखणाऱ्या स्वतःच्या पायाचे कारण शोधत लेखक मेक्सिकोतील कॉपर कॅन्यनच्या दऱ्यांत राहणाऱ्या रारामुरी लोकांपर्यंत पोहोचतो. बाहेरचे जग त्यांना ताराहुमारा म्हणून ओळखते. मग ‘काबायो ब्लांको’ म्हणजे ‘पांढरा घोडा’ या टोपणनावाने तेथे राहणारा मायका ट्रू हा विक्षिप्त अमेरिकी भेटतो आणि शेवटी दरीत स्थानिक धावपटू व अमेरिकेतील नामांकित लांब पल्ल्याचे धावपटू यांची शर्यत रंगते. २००६ च्या त्या शर्यतीत आर्नुल्फो किमारे या रारामुरी धावपटूने स्कॉट ज्युरेकला हरवले.

पुस्तक उत्कंठावर्धक आहे आणि वाचून संपवताच बाहेर पडून धावत सुटावे असे वाटायला लावणारे आहे. त्याचे यश आणि त्याचा धोका, दोन्ही यातच आहेत. धावण्याविषयीचे चांगले लेखन वाचकाच्या शरीरात एक हालचाल जागी करते. खुर्चीत बसल्या बसल्या पोटऱ्या ताणल्या जातात. जे कधीच धावले नाहीत, असे वाचकही या पुस्तकात रमले. बिकिलाविषयी पॉल रॅम्बाली यांचे ‘बेअरफूट रनर’ आणि टिम जुडा यांचे चरित्र त्याआधीच आले होते. लाटेबरोबर त्यांना नवे वाचक मिळाले. केन बॉब सॅक्स्टन या जुन्या अनवाणी धावपटूचे मार्गदर्शनपर पुस्तक २०११ मध्ये आले. लिबरमन यांनी सामान्य वाचकांसाठी मानवी शरीराच्या उत्क्रांतीची कथा २०१३ मध्ये लिहिली. एका छंदाभोवती बघता बघता छोटेसे ग्रंथालय उभे राहिले.

गंमत अशी, की ज्या पुस्तकाने जगाला बूट काढायला लावले, त्यातील नायक अनवाणी नव्हते. रारामुरी धावपटू ‘वाराचे’ घालतात : जुन्या टायरचा तुकडा तळाला आणि कातडी वादी घोट्याला. कोल्हापुरी वहाण घालून शेताच्या बांधावरून झपझप जाणाऱ्या माणसाला यात नवल वाटणार नाही. पायाला बोचू नये इतका तळ हवा, पायाचे काम हिरावले जाणार नाही इतका तो पातळ हवा, हे शहाणपण अनेक समाजांनी आपापल्या पद्धतीने शोधलेले आहे. होलोव्का, लिबरमन आणि सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये केलेल्या अभ्यासात अशा साध्या वहाणा वापरणाऱ्या ताराहुमारा लोकांच्या पायाची कमान, आधुनिक बूट वापरणाऱ्या अमेरिकी लोकांच्या तुलनेत अधिक ताठ आणि मजबूत असल्याचे आढळले.

पुढे लिबरमन आणि सहकाऱ्यांनीच २०२० मध्ये या लोकांविषयीच्या अद्भुतरम्य समजांना आवर घालणारा लेख लिहिला. रारामुरी हे काही आधुनिक जगाने न बिघडवलेले महामानव नाहीत. डोंगराळ भागात शेती करणारे, दिवसभर राबणारे ते लोक आहेत. त्यांच्या लांब शर्यती म्हणजे खेळ, पैज, सामाजिक मेळा आणि प्रार्थना यांचे मिश्रण असते. सराव म्हणून ते वेगळे धावत नाहीत.

तोवर लाट उसळून गेली होती. अमेरिका-युरोपात पाच बोटांच्या मोज्यांसारखे पातळ बूट लाखो लोकांनी घेतले आणि पुस्तक मिटताच कित्येक किलोमीटर धावायला सुरुवात केली. शरीराने त्याची किंमत वसूल केली. सारा रिज आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ३६ अनुभवी धावपटूंवरील दहा आठवड्यांचा प्रयोग प्रसिद्ध केला. हळूहळू असे पातळ बूट वापरू लागलेल्या १९ जणांपैकी १० जणांच्या पायाच्या हाडांमध्ये सूज वाढल्याचे एमआरआयमध्ये दिसले. नेहमीच्या बुटांत धावणाऱ्या १७ जणांपैकी हे केवळ एकाबाबत घडले. व्हायब्रम या उत्पादक कंपनीने आरोग्यविषयक दाव्यांवरून दाखल झालेला ग्राहकांचा सामूहिक दावा २०१४ मध्ये, दोष मान्य न करता, ३७ लाख ५० हजार डॉलरच्या तडजोडीवर मिटवला. त्यानंतर बाजार उलट्या टोकाला गेला आणि पूर्वीपेक्षाही जाड तळाचे बूट आले.

यात खोटे कोणी बोलले, असे नाही. पुस्तक वाचायला दोन दिवस लागतात, हाड घट्ट व्हायला कित्येक महिने. वाचनाचा वेग पायाला लावला गेला, हीच चूक होती.

निवड आणि नाइलाज

पाश्चात्त्य वाचकाला अनवाणी धावणे हा एक शोध वाटला. भारतात त्याचा इतिहास निराळा आहे. १९१९ मध्ये पुण्यातील डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना सर दोराबजी टाटा उपस्थित होते. धावणारे बहुतांश तरुण शेतकरी कुटुंबांतील होते. युरोपीय नियमांची वा आधुनिक सरावाची त्यांना माहिती नव्हती. धावपट्टी ओबडधोबड होती आणि पाय अनवाणी. तरीही काहींच्या वेळा युरोप-अमेरिकेतील वेळांच्या जवळ जाणाऱ्या होत्या. दोराबजींनी पुढे आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रात हा प्रसंग नमूद केला आहे. १९२० च्या अँटवर्प ऑलिम्पिकला भारतीय चमू पाठवण्याची कल्पना त्या अनुभवातून पुढे सरकली. बेळगावकडील फडेप्पा चौगुले तेथे मॅरेथॉनमध्ये १९ वे आले. भारताच्या ऑलिम्पिक वाटचालीच्या आरंभी अशी अनवाणी पावले आहेत.

त्याहीआधी, २९ जुलै १९११ रोजी कोलकात्यात मोहन बागानने ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला २-१ असे हरवून आयएफए शील्ड जिंकली, तेव्हा अकरांपैकी दहा खेळाडू अनवाणी होते. खो-खोत, जिथे क्षणात दिशा बदलून धावावे लागते, पिढ्यान्‌पिढ्या खेळाडूंनी मातीवर मोकळ्या पायांनीच पाठलाग केला. आता मोठ्या स्पर्धा मॅटवर आणि बुटांसह होतात. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेला पहिला विश्वचषकही तसाच झाला.

पायांच्या घडणीबाबतची एक महत्त्वाची नोंदही भारतीय डॉक्टरांच्याच नावावर आहे. उदय भास्कर राव आणि बेंजामिन जोसेफ यांनी १९९२ मध्ये चार ते तेरा वर्षे वयाच्या २,३०० भारतीय मुलांच्या पायांचे ठसे तपासून निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्यांचे प्रमाण ८.६ टक्के, तर अनवाणी वाढणाऱ्या मुलांत २.८ टक्के आढळले. बोटे पूर्ण झाकणाऱ्या बुटांत हे प्रमाण अधिक होते, सँडल आणि चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. जगभरच्या अनवाणी धावण्यावरील लेखनात या अभ्यासाचा उल्लेख वारंवार येतो. लहान वयात पायाला काही वेळ मोकळे ठेवण्याचा सल्ला त्यातून निघतो. मुलांना बूट देऊच नयेत, असा मात्र नाही.

कारण त्या न दिलेल्या बुटांची दुसरी बाजू गंभीर आहे. अंकुशकृमीच्या अळ्या मलदूषित ओल्या मातीतून अनवाणी तळव्याच्या त्वचेद्वारे शरीरात शिरतात आणि आतड्यात राहून रक्तक्षय घडवतात. बिकिलाच्या इथिओपियातील उंच प्रदेशात ज्वालामुखीजन्य लाल माती आहे. तिच्यातील सूक्ष्म खनिजकण वर्षानुवर्षे उघड्या पायांत शिरत राहिल्याने ‘पोडोकोनिओसिस’ हा पाय सुजवणारा, हत्तीरोगासारखा आजार होतो. त्या देशात दहा लाखांहून अधिक लोक त्याने ग्रासलेले आहेत. यात डास नाही, परजीवी नाही. पाय धुणे आणि बूट घालणे एवढ्यानेच हा आजार टळतो. ज्या देशाने जगाला अनवाणी धावण्याचे सर्वांत सुंदर चित्र दिले, त्याच देशात बूट हे औषध आहे.

अनवाणी धावणाऱ्या गरीब माणसाकडे पाहताना हे विसरले जाते. २०१९ मध्ये मध्य प्रदेशातील एका तरुणाची रस्त्यावरील अनवाणी दौड समाजमाध्यमांवर गाजली. त्याने ११ सेकंदांत १०० मीटर कापल्याचा गवगवा झाला, मंत्र्यांनी दखल घेतली आणि भोपाळच्या धावपट्टीवर प्रशिक्षित धावपटूंबरोबर त्याची चाचणी झाली. तो शेवटचा आला. दोष त्याचा नव्हता. काही दिवसांत त्याच्यावर देशभराच्या अपेक्षा लादल्या गेल्या होत्या. बारामतीच्या शर्यतीत नऊवारी नेसून अनवाणी धावलेल्या लता करे यांची कथा महाराष्ट्राला परिचित आहे. आजारी पतीच्या तपासण्यांसाठी बक्षिसाची रक्कम हवी होती, म्हणून साठी ओलांडलेल्या या बाई धावल्या आणि जिंकल्या. त्यांच्याच नावाच्या मराठी चित्रपटात त्यांनी स्वतः भूमिका केली आणि ६७ व्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत त्यांचा विशेष उल्लेख झाला. त्या धावेचे कौतुक पायांच्या कणखरपणासाठी झाले. तपासणीच्या पैशांसाठी धावावे का लागले, याची चर्चा त्या मानाने कमी झाली. अभिनेते मिलिंद सोमण अनवाणी धावतात, तेव्हा ती त्यांची निवड असते. दृश्य दोन्हीकडे सारखे दिसते.

सुरुवात कशी करावी

ज्यांना निवडीचे स्वातंत्र्य आहे, त्यांनी हा आनंद जरूर घ्यावा. पहिली पायरी धावण्याची नाहीच. दोन-तीन आठवडे घरात आणि अंगणात अनवाणी चालावे. नंतर नेहमीच्या फेरीच्या शेवटी बूट हातात घेऊन दोनशे-चारशे मीटर धावावे आणि थांबावे. पोटऱ्या दुसऱ्या दिवशी दुखतील. ते स्वाभाविक आहे. ते दुखणे पूर्ण जाईपर्यंत पुन्हा अनवाणी धावू नये. पायाच्या वरच्या बाजूला, बोटांच्या मागील लांब हाडांवर, बोटाने दाबल्यास एकाच जागी कळ येत असेल, तर काही आठवडे विश्रांती घ्यावी आणि अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवावे. अंतर आठवड्याला थोडेसेच वाढवावे. सहा महिन्यांत दोन-तीन किलोमीटरपर्यंत पोहोचले तरी पुष्कळ.

नवख्यांना गवत सुरक्षित वाटते. परंतु अनुभवी अनवाणी धावपटू गुळगुळीत, कठीण आणि स्वच्छ पृष्ठभाग पसंत करतात. गवतात काच आणि काटे लपतात, शिवाय मऊ जमिनीवर टाच आपटण्याची जुनी खोड सुटत नाही. कठीण जमीन ती लगेच सोडवते. समुद्रकिनाऱ्यावर पाण्यालगतची घट्ट वाळू चांगली, मात्र उताराच्या कडेने एकाच दिशेने लांब धावल्यास घोट्यावर तिरका ताण येतो. एप्रिल-मेमध्ये नागपूर वा हैदराबादच्या डांबरावर सकाळी नऊनंतर अनवाणी धावणे म्हणजे तळवे भाजून घेणे. पावसाळ्यात भिजलेली त्वचा लवकर फाटते आणि रस्त्यावरच्या पाण्याखाली काय आहे ते दिसत नाही. धनुर्वाताची लस घेतलेली असावी. परत आल्यावर पाय धुऊन उजेडात तळवे पाहावेत.

मधुमेहींनी यापासून दूर राहावे. भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाठबळाने झालेल्या सर्वेक्षणाचा अंदाज २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांच्यातील अनेकांच्या पायाची संवेदना आजाराने कमी झालेली असते. ज्या जाणिवेसाठी बूट काढायचे, तीच नसेल तर जखम झालेली कळतही नाही आणि ती चिघळते.

स्पर्धात्मक धावण्यात मात्र काळ बूट-तंत्रज्ञानाचा आहे. कार्बनची पट्टी आणि उसळता फेस असलेल्या बुटांनी २०१७ पासून मॅरेथॉनच्या वेळा झपाट्याने खाली आणल्या. अखेर २०२० मध्ये जागतिक ॲथलेटिक्स संघटनेला रस्त्यावरील शर्यतींसाठी बुटाच्या तळाच्या जाडीवर ४० मिलिमीटरची मर्यादा घालावी लागली. याच संघटनेच्या नियमांत दुसरीकडे एक जुनी तरतूद शाबूत आहे : स्पर्धकाने अनवाणी धावावे, दोन्ही पायांत पादत्राण घालावे, किंवा हवे तर एकाच पायात घालावे.

बिकिलाच्या विजयाला पन्नास वर्षे झाली, त्या वर्षी मार्च २०१० मध्ये रोम मॅरेथॉन झाली. अक्सुमचा स्तंभ तोवर इथिओपियाला परत गेला होता. त्या देशाचा सिराज गेना संपूर्ण शर्यत आधुनिक बुटांत धावला आणि आघाडीवर राहिला. शेवटचे काहीशे मीटर उरले, तेव्हा तो थांबला, दोन्ही बूट काढले आणि कॉन्स्टंटाइनच्या कमानीच्या परिसरातून अनवाणी धावत जाऊन त्याने शर्यत जिंकली. अशा रीतीने शर्यत पूर्ण करणाऱ्या विजेत्यासाठी आयोजकांनी पाच हजार युरोंचे जादा बक्षीस ठेवले होते.